वेच्यांची जबाबदारी

अखंड धर्मग्रंथ छापणे खर्चाचे, त्यातला वेचा छापणे सोपे, असे वाटते. पण संपादकाची कसोटी वेच्यातच लागते. पूर्ण ग्रंथात मागची पाने पुढच्यांचा अर्थ सांभाळतात. वेच्याला तो आधार प्रस्तावना, टीपा आणि शब्दसूची यांच्याकडून घ्यावा लागतो. तो किती घ्यावा, हाच वादाचा मुद्दा.

मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 मध्ये लखनौत छापखाना काढला. हिंदू मालकाच्या या छापखान्यातून कुराणाच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि हिंदू धर्मग्रंथांची उर्दू भाषांतरेही. तिथल्या शिळाछापाचे पान कातिबाच्या, म्हणजे हस्तलेखनिकाच्या, हातचे असे. मूळ वचन ठळक, त्याखाली बारीक अक्षरांत भाषांतर आणि समासात भाष्य, ही हस्तलिखितांतली मांडणी त्या छपाईत सहज उतरे. मूळ कोणते आणि माणसाने जोडलेले कोणते, हे वाचकाला पान पाहताच कळे.

लंडनमध्ये 1804 साली स्थापन झालेल्या बायबल सोसायटीने उलटा मार्ग धरला: टीप नको, भाष्य नको. तिच्यात नाना ख्रिस्ती पंथांचे लोक एकत्र आले होते. टीपांवर त्यांचे एकमत होणे अवघड होते. नियम शहाणपणाचा, पण सुट्या भागाला अपुरा. 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. त्याची सुरुवातच अब्राहामापासूनच्या वंशावळीने होते. ही माणसे कोण, हे मराठी वाचकाला कोणी सांगायचे? ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधले पुस्तक तर पहिल्याच वाक्यात आधीच्या ग्रंथाचा हवाला देते. तो ग्रंथ म्हणजे लूकचे शुभवर्तमान, हे न सांगता पुस्तक सुटे विकले तर वाचक दारातच अडखळतो.

याउलट, पूर्ण आवृत्तीच्या टीपा जशाच्या तशा उचलल्या तर त्या पुस्तकात नसलेल्या पानांकडे बोट दाखवतात. शब्दसूचीत वेच्यात न आलेले शब्द भरतात आणि प्रस्तावना मजकुरापेक्षा मोठी होते. मग वाचक वचनाऐवजी संपादकाचे मत पाठ करतो.

विनोबांनी 1962 मध्ये ‘कुराण-सार’ सिद्ध केले. कुराणातल्या आयती, म्हणजे वचने, विषयवार लावल्या, पण प्रत्येकीचा मूळ ठावठिकाणा दिला. ज्याला क्रम बदललेला पटत नाही, त्याला मूळ ग्रंथ उघडून ताडून पाहता येतो.

निवड हेच पहिले भाष्य असते. टीप न देणाराही काय गाळले त्यातून बोलतच असतो. म्हणून वेचे छापणाऱ्याने निदान चार गोष्टी पाळाव्यात: वेचा कुठून घेतला ते सांगावे, काय गाळले ते कबूल करावे, टीपा नव्याने लिहाव्यात आणि त्या मूळ वचनापासून स्पष्ट वेगळ्या छापाव्यात. एवढे करण्याची तयारी नसेल, तर वेचे काढूच नयेत.