भिंत बरी होते काय?

मराठीत माणूस बरा होतो आणि भिंत दुरुस्त होते. इब्री भाषेत ही सीमारेषा इतकी काटेकोर नाही. ‘राफा’ हे बरे करण्याचे क्रियापद लेवीय 14 मध्ये घराच्या भिंतीवरील चट्ट्याविषयी येते. एलीयाने कर्मेल डोंगरावर मोडलेली वेदी नीट केली, तेथेही तेच आहे. भाषांतरकार येथे थबकतो, कारण ‘वेदी बरी केली’ असे मराठीत लिहिता येत नाही.

आज मात्र भिंत खरोखरच बरी करण्याचे प्रयत्न चालले आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी 2006 साली हे काम आरंभिले. काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचे अन्न म्हणून कॅल्शियम लॅक्टेट मिसळतात. तडा जाऊन आत पाणी शिरले की बीजाणू जागे होतात, ते अन्न खातात व चुनखडी तयार करतात. सुमारे 0.8 मिलिमीटर रुंदीपर्यंतचे तडे असे बुजतात आणि आतल्या लोखंडी सळया गंजापासून वाचतात. मोडलेल्या हाडाभोवती शरीर खनिज साठवून ते सांधते, त्याची येथे आठवण होते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 8 टक्के आहे. तेव्हा इमारतीचे आयुष्य वाढणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण भिंत स्वतःची काळजी घेऊ लागली म्हणजे घरमालकाचे कर्तव्य संपते काय? मला तसे वाटत नाही. लेवीयाच्या नियमात प्रथम धन्याने जाऊन याजकाला सांगायचे असते. मग पाहणी, सात दिवसांची प्रतीक्षा, दगड काढणे, खरवडणे, नवा गिलावा. आणि चट्टा पुन्हा पसरला तर घर पाडणे. चट्टा बरा झाला हा निर्णयही पुन्हा पाहिल्यावाचून दिला जात नाही.

जिवाणू तडा बुजवितात, तो का पडला हे विचारीत नाहीत. पाया खचत असेल किंवा कंत्राटदाराने सळया कमी घातल्या असतील, तर वरून भरलेली चुनखडी रहिवाशांना खोटा दिलासा देईल. (नीट न बसविलेले हाडही जुळते, पण वाकडे.) अशा घरात तडा हाच गरीब भाडेकरूचा एकमेव साक्षीदार असतो; तो बुजला तर तक्रार तरी कशाच्या आधारे करावी?

बोगदे, पाण्याखालच्या भिंती, जेथे माणसाचा हात सहज पोहोचत नाही, तेथे हे काँक्रीट आनंदाने स्वीकारावे. जेथे माणसे राहतात, तेथे मात्र पाहणी कोणी व किती महिन्यांनी करावयाची, हेही त्याच करारात लिहून घ्यावे.