काटा ज्याचा त्याने काढावा

पंढरीची वाट सर्वांची एकच. आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी निघो की देहूहून तुकोबारायांची, वाखरीला सारे एकत्र येतात. मग ‘सुधारणेची वाट ज्याने त्याने आपली आपण शोधावी’, हे बोलणे संप्रदायाला सोडून नव्हे काय, असे एका माळकरी बंधूंनी आम्हास विचारले. प्रश्न रास्त आहे.

उत्तर संतचरित्रांतच आहे. परंपरा सांगते की, संतमेळ्यात गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडके पक्के की कच्चे ते पाहिले. नामदेवराय तेवढे रागावले. देव आपल्याशी बोलतो, हा त्यांचा अभिमान तिथे उघडा पडला. मग ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांना शरण गेले. नरहरी सोनारांचे दुखणे निराळे. शिवावाचून दुसरा देव पाहायचा नाही, हा त्यांचा हट्ट. तो विठ्ठलाच्या करगोट्याचे माप घेताना सुटला. नाम एक, देव एक. पण खोड निराळी, म्हणून औषधही निराळे.

आमचेच सांगतो. दिंडीतील एका वृद्ध विणेकरीबुवांचा नेम पाहून आम्हीही पहाटे तीनला उठू लागलो. नेम साधला, पण झोप पुरेना, आणि घरात ज्याच्या त्याच्यावर खेकसू लागलो. एके दिवशी आई म्हणाली, “बाबा, काकड्याला उठतोस ते चांगलंच, पण तुझा आवाज ऐकला की पोरं कोपऱ्यात जाऊन बसतात, त्याचं काय?” आम्ही खजील झालो. बुवा मुळातच शांत. राग आमचा होता. त्यांचे औषध आम्ही घेतले आणि आपला रोग तसाच ठेवला! तेव्हापासून राग आला की आधी मनात ‘विठ्ठल’ म्हणायचे, मगच तोंड उघडायचे, असे ठरविले. अजून चुकतो; पण पोरे आता जवळ येऊन बसतात.

मात्र आपली वाट म्हणजे सोयीची वाट नव्हे. माळ, एकादशी, हरिपाठ, वारी ही सर्वांचीच; त्यात सूट मागू नये. त्याशिवाय तराजू धरणाऱ्याने मापात, व्याजबट्टा करणाऱ्याने व्याजात, कीर्तनकाराने मानपानात आपली खोड शोधावी. दिसत नसेल, तर आपल्यापासून ज्यांना त्रास होतो त्यांना विचारावे. ते बिनचूक सांगतात. आणि सुधारलो की नाही, हेही त्यांनीच सांगावे. आपण सांगू नये.

दिंडी शेकडोंची असते, पण पायात काटा रुतला की ज्याचा त्यालाच खाली बसून काढावा लागतो. तेवढ्याने दिंडी चुकत नाही, चार पावले भरभर टाकून गाठता येते. काटा तसाच ठेवून चालणारा मात्र मागे पडतो.

रामकृष्णहरी.