बसू देणारी हॉटेलं

मार्च 2014 मध्ये मुंबईत बातमी फुटली की ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं ‘बी. मेरवान’ आता बंद होणार. 1914 पासूनचं हे इराणी हॉटेल बरोब्बर शंभरीत जाणार म्हणून लोक हळहळले. मावा केकसाठी सकाळी लवकर रांगा लागल्या, जुन्या गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रांतून आठवणी सांगितल्या. पुढे डागडुजी होऊन मेरवान पुन्हा उघडलं. पण त्या दिवसांत जे बोललं आणि लिहिलं गेलं ते मला मोलाचं वाटतं. हॉटेल जातं तेव्हा माणसांना नेमकं काय गेल्यासारखं वाटतं, ते त्यातून कळतं. केकबद्दल त्यात थोडंच होतं. जास्त होतं ते वडिलांचं बोट धरून गेलेल्या सकाळींबद्दल, नोकरीच्या पहिल्या दिवसांबद्दल, लोकल पकडण्याआधी तिथे घालवलेल्या दहा मिनिटांबद्दल.

चवीवर तर एकमत होतच नाही. गिरगावात खोताच्या वाडीतलं ‘अनंताश्रम’ बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुने मासेखाऊ भेटले की वाद झडतोच. एक जण तिसऱ्यांची शपथ घेतो, दुसरा बांगड्याची, तिसरा म्हणतो, मासे सोडा, नुसता आमटी-भात आठवा. ‘शेवटी शेवटी ती चव राहिली नव्हती’ म्हणणाराही कुणीतरी असतोच. ताट समोर नाही, त्यामुळे निकाल लागत नाही. मला त्या वादापेक्षा एक वेगळी गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. अनंताश्रमात रेंगाळायची सोय नव्हती. वेळ ठरलेली, शिस्त करडी, जेवा आणि उठा. इराण्याकडे याच्या उलट, एका चहावर सकाळ काढली तरी कुणी हटकत नसे. रीती दोन टोकांच्या, आणि तरी लोकांची माया दोघांवर सारखीच. असं का व्हावं?

मला याचं एक उत्तर दिसतं. दोन्हीकडे नियम सगळ्यांना एकच होता. उठायचं तर कारकुनानेही उठायचं आणि गाडीतून उतरलेल्या शेटनेही. बसायचं तर दोघांनीही बसायचं. खिशाचा अंदाज घेऊन वागणूक ठरत नव्हती. बंद झालेल्या हॉटेलांच्या आठवणी चवीच्या नावाखाली सांगितल्या जातात, पण त्यांच्या तळाशी बहुतेकदा ही बरोबरीची वागणूक असते.

आपल्याकडे ती सहजासहजी आलेली नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून केवढा गहजब झाला! टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. परक्या ठिकाणी परक्याच्या हातचा चहा घेणं हा गुन्हा होता. त्यानंतरही कितीतरी वर्षं खानावळींच्या आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’ हा शब्द ठळक असे. अशा समाजात इराणातून, यझ्द आणि केरमानच्या बाजूने, पोटासाठी आलेल्या माणसांनी नाक्यानाक्यावर संगमरवरी टेबलं मांडली. इथल्या जातींच्या उतरंडीत त्यांना स्वतःला जागा नव्हती, त्यामुळे येणाऱ्याला त्यांनी जात विचारली नाही. मुंबईत आणि पुण्यात अनोळखी माणसाच्या समोर बसून खायची सवय लागली, त्यात या टेबलांचा वाटा मोठा आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात त्याला एखादं पान तरी मिळायला हवं होतं.

त्या टेबलाकडे जरा जवळून पाहू. कडेला टवका उडालेला पांढरा दगड, वर कपांचे तपकिरी गोल डाग. पातळ लाकडाची वाकवलेली पाठ असलेल्या काळ्या खुर्च्या. भिंतीवर एवढाले आरसे आणि त्यांच्या शेजारी सूचनांची पाटी, जिच्यावरून निस्सीम इझिकिएल यांनी कविता केली. ब्रून मस्का चहात बुडवला की लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगतात, आणि शेवटचा घोट त्या लोण्यासकट बशीतून घ्यायचा असतो. पेपर एकच, पण त्याची पानं सुटी होऊन चार टेबलांवर फिरत असतात. कुणाकडे अग्रलेख, कुणाकडे छोट्या जाहिराती, आणि पान बदलून घेताना दोन शब्द बोलावेच लागतात. गिऱ्हाईक उठलं की पोऱ्या तिथूनच गल्ल्याकडे हिशोब ओरडतो. तो आकडा सगळं हॉटेल ऐकतं. कुणी फक्त एका चहाचे पैसे दिले हे सगळ्यांना कळतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पण हे चित्र बहुतेक पुरुषांनी रंगवलेलं आहे, हेही सांगायला हवं. बायकांसाठी आत ‘फॅमिली रूम’ होती, लाकडी पार्टिशनची. तिथे जायचं तर बरोबर फॅमिली लागे. एकटी बाई दर्शनी टेबलावर चहा घेत पेपर वाचते आहे, हे दृश्य या आठवणींत क्वचितच सापडतं. म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ मला महत्त्वाचं वाटतं. 1964 मध्ये उषा खन्ना यांनी ते सुरू केलं. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा, बाजूला म्युझियमच्या आवारातली झाडं, पुदिन्याचा चहा, पराठे, पेरूचा रस. चित्रकार, विद्यार्थी, वकील, कामावरून चुकार झालेले कारकून, सगळे त्या एका ओळीत मावत. तिथल्या आठवणी सांगणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्या एकट्याने बसल्याच्या आठवणी सांगतात. जागेवरून गॅलरीशी चाललेला वाद कोर्टात गेला आणि 31 मार्च 2015 रोजी समोवार बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नव्हती.

तिथून चार पावलांवर ‘वेसाइड इन’ होतं. डॉ. आंबेडकर तिथे बसून काम करत, असं सांगितलं जातं. कवी अरुण कोलटकरांची गुरुवार दुपारची बैठक तर तिथे वर्षानुवर्षं होती. खिडकीतून समोरचा रस्ता दिसे, आणि त्या रस्त्यावर जगणारी माणसं 2004 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. त्याच्या थोडं आधीच वेसाइड इन बंद झालं होतं. कोलटकरांची प्रतिभा कुठेही फुलली असती असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. रस्ता वर्षानुवर्षं एकाच कोनातून पाहायचा तर खिडकीशी खुर्ची लागते, आणि ती तासाच्या भाड्याने परवडत नाही. इतका वेळ इतक्या स्वस्तात देणारं हॉटेल त्या पुस्तकाच्या घडणीत आहेच.

मग हा स्वस्त वेळ येत कुठून होता? आठवणी सांगताना आपण इथे नेहमी थांबतो, आणि थांबू नये असं मला वाटतं. चहाच्या त्या किमतीत सगळा खर्च निघत नव्हता. उरलेला दुसरे कुणीतरी सोसत होते. एक म्हणजे घरमालक. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. पुढे महागाई वाढत गेली, भाडं जिथल्या तिथे राहिलं. नाक्यावरची मोठी जागा चहा आणि खारीवर चालू शकली, ती यामुळे. 1999 चा नवा कायदा आला, जमिनीचे भाव चढले, इमारती पुनर्विकासाला निघाल्या, आणि हा आधार सुटत गेला. दुसरी मालकाच्या घरची माणसं. पहाटे भट्टीपासून रात्री गल्ल्यापर्यंत राबणारी, ज्यांचा पगार कुठल्याच वहीत लिहिला जात नसे. पुढच्या पिढीने शिकून दुसरा मार्ग धरला, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

आणि तिसरा तो पोऱ्या. आठवणींत तो फार गोड दिसतो, हातात सहा कप धरणारा, आपली ऑर्डर न सांगता ओळखणारा. तो बारा-तेरा वर्षांचा होता, गावाहून आलेला होता, रात्री टेबलं जोडून त्यांच्यावरच झोपत होता. काही जण रात्रशाळेत शिकून पुढे आले, काहींनी स्वतःची हॉटेलं काढली, पण बहुतेकांचं पुढे काय झालं ते आठवणी सांगणाऱ्यांना माहीत नसतं. हॉटेलांत आणि ढाब्यांवर मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून. ‘तेव्हा किती स्वस्त होतं’ हे वाक्य बोलताना तो मुलगा आठवला पाहिजे. त्याच्या झोपेचे तास त्या स्वस्ताईत जमा आहेत.

इतकं सगळं मान्य करूनही मला ही हॉटेलं हवी आहेत. म्हणूनच त्यांचा फक्त साज जपण्याचा जो प्रकार चालतो तो पुरेसा वाटत नाही. लंडनमध्ये 2010 साली ‘डिशूम’ सुरू झालं. मुंबईच्या इराण्यांवर त्यांचं खरं प्रेम आहे. जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी गोळा करून त्यांनी त्या चक्क ताटल्यांवर उतरवल्या. हे मनापासून केलेलं काम आहे. पण तिथे महाग शहरातलं महाग जेवण मिळतं, आणि ते तसंच असणार. आपल्याकडे 1995 पासून मुंबईला वारसा नियमावली आहे. तिने इमारतीची दर्शनी बाजू वाचते, आतल्या चहाला संरक्षण नाही. बाहेरची कमान तशीच आणि आत बँक किंवा कपड्यांचं दुकान, हे आपण पाहतोच.

दुसऱ्या शहरांनी याहून पुढे पाऊल टाकलं आहे. ब्यूनोस आयरिसने जुन्या कॅफेंसाठी 1998 मध्ये कायदाच केला. सॅन फ्रान्सिस्कोने 2015 मध्ये जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू केली आणि नोंदलेल्यांना अनुदान मिळेल अशी तरतूद केली. जुन्या व्यवसायाशी किमान दहा वर्षांचा भाडेकरार करणाऱ्या घरमालकालाही तिथे मदत मिळू शकते. बोजा एकट्या घरमालकाच्या डोक्यावर न टाकता शहराने तो उचलायचा, हे मला न्याय्य वाटतं. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांना हे अशक्य नाही. मात्र मदत देताना पहिली अट असावी की तिथे एका चहावर कुणालाही बसता आलं पाहिजे, आणि दुसरी, की चहा आणून देणाऱ्याला कायद्याने ठरलेला पगार मिळाला पाहिजे.

पुण्यात डेक्कनवरचं ‘लकी’ गेलं त्याची हळहळ अजून ऐकू येते, कारण तिथे बसणारे विद्यार्थी पुढे प्राध्यापक, नट, संपादक झाले. समोवारच्या वाट्याला मोठे लेख आले, कारण तिथे लिहिणारे लोक बसत. ज्यांच्या गिऱ्हाइकांच्या हातात लेखणी नव्हती, त्या जागांचं काय? गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, दहा बाय बाराच्या खोल्यांमधून बायका खानावळी चालवत. कोकणातून आणि घाटावरून आलेला, बायको-मुलं गावी ठेवलेला गिरणी कामगार तिथे महिन्याच्या बोलीवर जेवे. पहिल्या पाळीच्या आधी डबा, रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळी वेळ, हिशोब पगाराच्या दिवशी. सावकाराच्या व्याजातून या बायकांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगाराचा दिवस यायचा थांबला, तरी अनेक बायकांनी ताट थांबवलं नाही, उधारीवर जेवू घातलं. कामगार गावी निघून गेले तशी ती उधारी बुडाली आणि पुढच्या वर्षांत त्या खानावळी एकेक करून मिटल्या. त्यांच्या बंद होण्याची तारीख कुठे छापून आली नाही, शेवटच्या दिवशी कुणी रांग लावली नाही. तिथे जेवलेल्यांपैकी काही जण कोकणात, सातारा-कोल्हापूरच्या गावांत आजही आहेत. त्या बायका आता ऐंशीच्या पुढच्या असतील, आणि त्यांच्या हाताखाली भाकऱ्या थापणाऱ्या मुली साठीला आलेल्या. अनंताश्रमातल्या तिसऱ्यांवर आपण जितक्या हिरिरीने भांडतो, तितक्याच हिरिरीने यांच्याकडे जाऊन विचारावं: आमटी कशाची असायची, किती जण एका पंगतीला बसायचे, संपात उधारी किती झाली, आणि ती वही अजून घरात कुठे आहे का.