ओळीनं वाचायचं

देवाच्या पुस्तकाचा मान कशात असतो, हा वाद आमच्या मंडळीत अधूनमधून निघतोच. म्हातारी माणसं म्हणतात, बायबल स्वच्छ फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवावं, हात धुतल्याबिगर शिवू नये, वाचताना बाईनं डोक्यावर पदर घ्यावा, गड्यानं टोपी काढावी. पोरं म्हणतात, देव काय फडक्यात बसलाय का? ती मोबाईलवर वाचतात. मोटर चालू करायला विहिरीवर गेली तरी वाचतात, आणि मधेच फोन वाजला तर उचलतात. दोन्ही बाजू एकमेकांकडं बघून मान हलवतात. मी दहावी शिकलेला शेतकरी माणूस, धर्मशास्त्राचा अभ्यास काही केलेला नाही. पण साठ वर्षं रोज सांजच्याला वचन कानावर पडलंय. त्यावरून माझं जे मत झालंय ते मांडतो.

आधी फडक्याची बाजू घेतो, कारण तिला हसण्यासारखं काही नाही. आमच्या गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा मांडवात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. वाचणारे आंघोळ करून रांगेत बसतात, पुढं पोथी, आणि सगळ्यांचा एक सूर. मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी कुराण लाकडी रेहालीवर ठेवून वाचतात, खाली जमिनीवर ठेवत नाहीत. बौद्ध वस्तीत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, आणि त्यात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. ज्या गावात इतक्या पुस्तकांपुढं माणसं हात जोडून बसतात, तिथं आमच्याच पुस्तकाला मान नको असं कोण म्हणेल?

दुसरं कारण आमच्या जालन्याच्या मातीतलं आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं स्कॉटलंडच्या मिशनच्या कामासाठी ते जालन्याला आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथं बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. दगड उशाला घेऊन याकोब उघड्यावर झोपला होता, त्या जागेला त्यानं दिलेलं हे नाव. बेथेलला आलेल्यांत मांग समाजातली माणसं पुष्कळ होती. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, पोथीच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हते, त्यांच्या हातात पुस्तक आलं. अशा माणसानं ते फडक्यात गुंडाळून ठेवलं तर त्याला अंधश्रद्धा म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्या जे नाकारलं गेलं, ते मिळाल्यावर माणूस जपणारच.

तरी पण जपणं आणि मान देणं, ह्यात फरक आहे असं मला वाटतं. पेटीत ठेवलेलं बियाणं जपलेलं असतं. त्याचा मान मात्र मातीत गेल्यावर होतो.

हे पुस्तक आपल्या भाषेत यावं म्हणून किती जणांनी जीव आटवला बघा. गोव्यात फादर स्टीफन्स हे इंग्रज पाद्री होते. ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली, त्यांच्या मुखी काही तरी असावं म्हणून त्यांनी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्यासुध्या बाईला कळावं, ही त्यांची तळमळ. छपाईचं कामही मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली पूर्ण ग्रंथ बाहेर आला. इतका खटाटोप कशासाठी? पुस्तक फळीवर ठेवायचं असतं तर ते हिब्रूतच राहिलं असतं तरी चाललं असतं. चुलीपुढच्या भाषेत आणलं, ते चुलीपुढं ऐकू यावं म्हणून.

आमच्या घरात वाचायची रीत माझ्या बापानं घातली. बाप सालगडी होता. मिशनच्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकला, बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडत वाचायचा. त्याचा एकच नियम : ओळीनं वाचायचं. काल जिथं खूण ठेवली तिथून आज पुढं. आवडलं म्हणून तेच ते नाही, आणि अवघड म्हणून गाळायचं नाही. एकदा मी म्हणलं, "दादा, हे वंशावळीचं सोडून द्या की." तर म्हणाला, "मालकानं निरोप दिला तर गड्यानं सगळा सांगावा. आपल्याला गोड लागला तेवढाच सांगितला, तर तो निरोप मालकाचा राहतो का आपला होतो?"

ह्या एका वाक्यात मला मानाचा सगळा अर्थ सापडतो. माणूस वचन निवडून वाचतो तेव्हा त्याला पाहिजे ते तो पुस्तकाकडून बोलवून घेतो. दुखणं आलं की आरोग्याचं वचन, कर्ज झालं की आशीर्वादाचं. त्यात वाईट काही नाही, संकटात मीही स्तोत्रं उघडतो. पण रोजचं वाचन तसं झालं तर देवाला आपल्याशी बोलायला जागाच उरत नाही. ओळीनं वाचताना न विचारलेलं कानावर पडतं. कधी ते अडचणीचंही असतं.

पुढं बापानं पैसा पैसा जोडून तीन एकर घेतलं आणि स्वतः मजूर लावू लागला. गावाची रीत अशी, की हप्त्याची मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची. एका सांजेला वाचनात लेवीयचा एकोणिसावा अध्याय आला. त्यात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं सांगितलंय. बाप वाचून थांबला. माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आज वाचलंय तर बाजाराची वाट कशाला बघायची?" तेव्हापासून आमच्या वावरात मजुरी त्याच दिवशी मिळते. सुट्टे नसले तर बाप दुकानावरून मोडून आणायचा, पण दिवस बुडायच्या आत द्यायचा. गावानं त्याला वेड्यात काढलं, पण त्यानं रीत मोडली नाही.

त्याच अध्यायात शेताच्या कडा पार कापून घेऊ नये, सरवा गरिबासाठी राहू द्यावा, असंही आहे. आमच्या मराठी बायबलात रूथ सरवाच वेचते. भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, गहू काढल्यावर पडलेल्या लोंब्या, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीला राहिलेला कापूस, ह्याला आमच्याकडं सरवाच म्हणतात. माझ्या मायनं मी लहान असताना दुसऱ्याच्या वावरात भुईमुगाचा सरवा वेचलेला. तिला अक्षरओळख नव्हती, पण रूथची गोष्ट लागली की ती हातातलं काम खाली ठेवायची. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, मुद्दाम थोडं सांडून ठेवा, आणि तिला रागावू नका. माय म्हणायची, "ह्याला देणं म्हणत्यात. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये आसं द्यावं."

आता काळ बदलला. मध्यंतरी माझा पोरगा म्हणाला, "दादा, कापूस वेचायला किलोला दहा-बारा रुपये जातात. खताचं बिल, फवारणीचं बिल. आपणच कर्जात, आन्‌ आपण सरवा सोडायचा?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मोठ्या जमीनदाराला सांगितलेला नियम तीन-चार एकरवाल्याला कसा लागू करायचा, हा खराच प्रश्न आहे. मी त्याला हुकूम केला नाही. एवढंच म्हणलं, "वचन तुझ्या तोंडानं वाचलंयस, तूच ठरव." त्यानं दोन दिवस घेतले. मग बांधालगतच्या चार ओळी शेवटच्या वेचणीला सोडल्या. वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या येऊन वेचून गेल्या. त्या चार ओळींनी आमचं कर्ज वाढलं नाही आणि फिटलंही नाही.

वाचनानं दर वेळी असा काही मार्ग दाखवलाच पाहिजे, असंही नाही. २०१२ साली पाऊस गेला आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची दोनशे झाडं होती. टँकर विकत घेऊन जगवायचं बघितलं, पण शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. लेकराच्या वयाची झाडं, त्यांचं सरपण झालं. त्या सांजेला ओळीनं आलं ते गणनेच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण. त्यात धीराचं एक अक्षर नाही. बारा वंशांच्या बारा सरदारांनी काय काय अर्पण केलं त्याची यादी. तेच चांदीचं ताट, तोच कटोरा, तेच गोऱ्हे आणि मेंढे, बारा वेळा. लेकरांची आई म्हणाली, "आजच्या दिवस दुसरं काही तरी वाचा." पण वाचणारी लेक पुढं वाचत राहिली. बाराच्या बारा.

त्या रात्री झोप नव्हतीच, त्यामुळं विचार केला. सगळ्यांचं दान सारखंच होतं, तर पहिल्याचं लिहून बाकीच्यांपुढं ‘वरीलप्रमाणे’ लिहिता आलं असतं. आपल्या कागदपत्रांत तसंच असतं. पण तिथं प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आणि त्यानं आणलेली वस्तू पूर्ण लिहिलेली आहे. त्याच दिवसांत गावात जळालेल्या बागांचे पंचनामे चालू होते, आणि प्रत्येक जण यादीत आपलं नाव, आपला गट नंबर नीट आलाय का ते वाकून बघत होता. नुकसान सगळ्यांचं सारखं, तरी ‘वरीलप्रमाणे’ कुणालाच नको होतं. मला त्या कोरड्या यादीतनं एवढंच कळलं की देवाच्या वहीत ‘वरीलप्रमाणे’ नाही. मोसंबी त्यानं परत आली नाही. पण निवडून वाचलं असतं तर हे मला कधी मिळालं नसतं.

कुणी म्हणेल, रोज वाचणारी, रविवारी पहिल्या बाकावर बसणारी माणसंही शेजाऱ्याचा बांध कोरतात, त्याचं काय? खरं आहे. वाचनानं माणूस चांगला होतोच, असं मी म्हणणार नाही. बायबलही तसं म्हणत नाही. आमोस हा मेंढरं राखणारा आणि झाडांची निगा करणारा, आपल्यासारखाच रानातला माणूस. न्याय नसेल तर तुमच्या गाण्याचा गलका मला नको, हा देवाचा निरोप त्यानं भरल्या सणात लोकांना सांगितला. आम्ही उपासना संगीतातली गाणी पेटीवर, टाळावर म्हणतो, टिळकांच्या भजनांत रंगून जातो. ते गोड आहेच. पण आमोसही त्याच पुस्तकात आहे, आणि ओळीनं वाचलं तर त्याला चुकवता येत नाही. रोज वाचणारा बांध कोरील, पण त्याला आडवं येणारं वाक्य त्याच्याच घरात, त्याच्याच लेकराच्या तोंडून कधी तरी निघेल. ज्याचं पुस्तक फडक्यातच आहे, त्याला एवढीही आडकाठी नाही.

म्हणून फडकं का मोबाईल, हा वाद मला दुय्यम वाटतो. फडकं असू द्या, फक्त त्याची गाठ रोज सुटावी. मोबाईल असू द्या, फक्त वाचन होईपर्यंत फोन उचलू नये, आणि मनातल्या मनात न वाचता मोठ्यानं वाचावं, म्हणजे घरातल्या न वाचणाऱ्यालाही वाटा मिळतो. माझ्या मायला आयुष्यभर वचन मिळालं ते कानानं.

नहेम्याच्या पुस्तकात वाचनाचा एक दिवस सांगितलाय. पाडाव होऊन परतलेली माणसं चौकात जमली. एज्रानं ग्रंथ उघडला तशी सगळी उभी राहिली. सकाळपासून दुपारपर्यंत वाचन चाललं, लोकांना कळावं म्हणून अर्थ सांगितला गेला, आणि ऐकता ऐकता लोक रडू लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, रडू नका, घरी जा, खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नसेल त्याच्याकडं ताट पाठवा. उभं राहणं त्यात आहे, समजून घेणं आहे, डोळ्यातलं पाणीही आहे. पण त्या दिवसाचं वाचन संपलं ते शेजाऱ्याच्या घरी ताट गेल्यावर. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी हा अध्याय एकदा एकत्र बसून वाचावा, आणि मग फडक्याचं काय ते ठरवावं.