निसर्गक्रम आणि सोशिकता

जे नैसर्गिक आहे ते निमूटपणे सोसावे, हे तत्त्व आपल्या घरांत इतके रूढ आहे की, त्याची परीक्षा करण्याची गरजच कोणास भासत नाही. रजोनिवृत्तीच्या प्रसंगी तर ते हटकून पुढे येते. ‘पाळी गेली ना, सुटलीस!’ एवढ्यावर वडीलधाऱ्या बायका विषय संपवितात. पुरुष तो काढीतच नाहीत.

वस्तुतः शरीरात घडते ते सामान्य नव्हे. आपल्याकडे वयाच्या साधारण ४६-४७ व्या वर्षी बीजकोशांतील बीजे सरत येतात आणि इस्ट्रोजेन हा अंतःस्राव ओसरतो. त्याचा संबंध केवळ गर्भाशयाशी नाही. मेंदूकडून होणारे देहोष्णतेचे नियमन, रक्तवाहिन्या, अस्थी या सर्वांशी आहे. म्हणून एकाएकी अंगाची काहिली होते, घामाने झोप मोडते, मन अस्वस्थ राहते आणि पुढे हाडे ठिसूळ होत जातात.

‘पण हे नैसर्गिकच नव्हे काय?’ असे कोणी म्हणेल. प्रसववेदनाही नैसर्गिकच होत्या. १८४७ साली एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी त्या वेदनांवर क्लोरोफॉर्म योजिला, तेव्हा हा सृष्टिक्रमाचा भंग आहे अशी ओरड झाली. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने प्रसूतीच्या वेळी तोच घेतला. आज त्यात कोणास पाप दिसत नाही. निसर्ग काय घडते ते सांगतो. काय सोसावे हे सांगत नाही.

तथापि याच्या उलट टोकासही प्रमाद आहे. १९६६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हा ग्रंथ लिहून रजोनिवृत्ती हा उणिवेचा रोगच ठरविला व स्त्रियांनी इस्ट्रोजेन घेत राहावे असा उपदेश केला. १९७५ साली केवळ इस्ट्रोजेन घेण्याचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. पुढे अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला संयुक्त अंतःस्रावांचा प्रयोग २००२ साली थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला खुब्याचे अस्थिभंग ५ ने घटले, पण स्तनांचे कर्करोग ८ ने वाढले. मग भयाने पारडे पुन्हा दुसरीकडे झुकले. वास्तविक त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील, तीव्र त्रास असणाऱ्या आणि अन्य प्रतिबंध नसलेल्या स्त्रीस या उपचाराचा लाभ बहुधा हानीहून अधिक असतो, असे आता वैद्यक मानते.

एक पक्ष म्हणतो, ‘सोस’. दुसरा म्हणतो, ‘तू रोगी आहेस’. एकाने स्त्रीचे मोल सोशिकतेत मानिले, दुसऱ्याने तारुण्यात. ‘तुला काय होते?’ हे मात्र दोघांनीही विचारले नाही. काहींना औषध हवे असेल, काहींना नको असेल, कित्येकींना तर काहीच त्रास नसेल. परंतु निर्णय ज्ञानपूर्वक आणि तिचा स्वतःचा असावा.

मी वर्गात वर्षानुवर्षे नीतिशास्त्र शिकवीत आलो. पण पौषातल्या रात्री पत्नी पंखा का लावते, हे विचारावयास मला दोन वर्षे लागली. विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुमची झोप मोडते का? बंद करते.” निसर्गाने तिला दिलेला ताप थोडा होता, आमच्या मौनाने त्यात भर घातली होती, आणि ती भर खचित नैसर्गिक नव्हती.