गोधडीतला आमचा तुकडा

गोधडीसाठी दुसऱ्याला कापडाचा तुकडा द्यायचा असेल, तर कोणता द्यावा? प्रश्न किरकोळ वाटेल. रविवारी मिस्सा संपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या बायकांना विचारला, तर त्या हसतील. परंतु गेला महिनाभर हाच प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले आहे.

थंडीच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या आठ घरांनी तुकड्यांची अदलाबदल करायचे ठरवले. प्रत्येक घराने एका जुन्या लुगड्याचे किंवा साडीचे वीतभर लांब-रुंद असे 16 चौकोन कापायचे. सगळे एके ठिकाणी मांडायचे आणि प्रत्येकीने दर घरचे दोन-दोन उचलायचे. म्हणजे हातात पुन्हा 16 च चौकोन, पण आठ रंगांचे. चार-चारच्या चार ओळी जोडल्या की जेमतेम एका बाळापुरती गोधडी होते. (वीत प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे पहिल्याच दिवशी भांडण होता होता राहिले. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला आणि तोच घरोघर फिरवला.)

आमच्या घरी तेव्हा दोन लुगडी निघाली. एक आजीचे, हिरवे इरकली, अजून दहा वर्षे टिकेल असे. दुसरे सुती, जांभळे, दिसायला बरे. पण उजेडाला धरले की पलीकडची खिडकी दिसावी इतके विरलेले. अदलाबदलीला आम्ही जांभळे दिले आणि हिरवे आमच्या मोठ्या गोधडीसाठी ठेवले. त्या वेळी मनाला काही टोचले नाही. उलट एका लुगड्यात 16 चौकोन कसे नेमके बसवले, याचे समाधानच वाटले.

त्या आठांपैकी एका घरी बाळ जन्मले. दोन महिन्यांनी आम्ही बाळाला पाहायला गेलो, तर ते त्याच गोधडीवर झोपलेले होते. गोधडीतल्या दोन चौकोनांवर लाल कापडाची ठिगळे होती. बारीक, एकसारखा टाका. ठिगळाखालून जांभळ्या रंगाची कड डोकावत होती. ते दोन्ही चौकोन आमचे होते. नव्या गोधडीला दोन महिन्यांत ठिगळ! बाळंतिणीने बाळाला सांभाळत, सवड काढून आमचे फाटलेले शिवले होते आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. उरलेल्या सहा घरांत जाऊन पाहण्याचे धाडस आम्हाला अजून झालेले नाही.

घरी येताना आम्ही स्वतःची बाजू मनात मांडून पाहिली. गोधडी म्हणा की वाकळ म्हणा, ती जुन्या कापडाचीच असते. नवे, न धुतलेले कापड तिला चालत नाही. पहिल्या धुण्यात ते आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. प्रभूने दिलेला ठिगळाचा दाखला शिवणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. मग आम्ही जुने कापड दिले यात चुकले कुठे?

पण जुने कापड आणि विरलेले कापड यांत फरक आहे, आणि तो आम्हाला चांगला ठाऊक होता. कापड उजेडाला धरून पाहावे, मग उभे आणि आडवे ओढून पाहावे, हे आपल्याकडे मुलींना लहानपणीच शिकवतात. लुगडे बसायच्या जागी आधी विरते; काठाजवळचा भाग शेवटपर्यंत टिकतो. विरलेले कापडही टाकून द्यायचे नसते. त्याची जागा आत, भर म्हणून. वर एक थर, खाली एक थर आणि मधून धावदोरा गेला की ते बिचारे वर्षानुवर्षे ऊब देते. वरच्या थराला मात्र घासणे, आपटणे, पिळणे सगळे सोसावे लागते. स्वतःच्या गोधडीत आम्ही ते जांभळे कापड वर लावले असते का? कधीच नाही. तिथे आम्ही ते आतच घातले असते. दुसऱ्याच्या घरी जायचे होते म्हणून ते वर चालले.

हे पहिल्यांदाच घडले असते तर एवढे लिहिले नसते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या सास्तूर, होळी अशा गावांत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. मदत गोळा होऊ लागली तेव्हा आम्हीही गाठोडे बांधले. त्यात काय होते ते अजून आठवते: हुक तुटलेली दोन पोलकी, गुडघ्यावर फाटलेली एक पँट, आणि वर, दिसायला बरी म्हणून, एक चांगली साडी. गाठोडे देऊन आलो तेव्हा हलके वाटले. हलके का वाटले हे तेव्हा तपासले नाही. त्यात दयाही होती, नव्हती असे नाही. पण घरातली अडगळ गेली हेही होते.

असे करणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे पुढे कळले. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. जुन्या कपड्यांचेच काम करणाऱ्या दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने ते उचलले, निवडले आणि उपयोगात आणले. म्हणजे देणाऱ्यांनी घरी बसून करायचे काम शेवटी दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले. आम्हाला वाटते, मूळ गोष्ट इथेच आहे. गाठोडे बांधताना निवडायचे, धुवायचे, हुक लावायचे काम आपण घेणाऱ्यावर टाकतो. गोधडीत तर चिंधीच असते, गाठोड्यातल्याहूनही जुनी; तरी गोधडी मिळालेल्या माणसाला कमीपणा वाटत नाही. कारण तिच्यावर कोणीतरी महिनाभर मान मोडून बसलेले असते.

उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेतून आलेले हे लोक; त्यांच्यात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, आपल्यासारखे कॅथॉलिकही आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी, म्हणजे त्यांची 'कवंदी', कडेकडून मध्याकडे शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे फूल लावतात. त्या फुलाने ऊब वाढत नाही. पण फुलाशिवाय गोधडी उघडी वाटते, असे त्यांचे म्हणणे. चिंध्यांच्या वस्तूला एवढा मान!

'प्रेषितांची कृत्ये' मध्ये यापोच्या तबीथाची गोष्ट आहे. ती वारल्यावर विधवांनी पेत्राला तिने शिवलेले कपडे रडत रडत दाखवले. तिने अंगावरचे उतरवून दिलेले कपडे कोणी दाखवल्याचा उल्लेख तिथे नाही.

मग नेहमी आपल्याजवळचे सर्वात चांगले तेच दुसऱ्याला द्यावे का? असे सांगणे सोपे आहे, आणि आम्हाला ते पुरते पटत नाही. आजीचे हिरवे लुगडे आम्ही ठेवले याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. त्यात आजी आहे. शेजारणीला त्या आठवणीची गरज नव्हती. तिला फक्त न फाटणारे कापड हवे होते. ते न देता दिल्यासारखे दाखवले, ही आमची चूक.

त्याच आठ घरांत एक घर असे आहे की तिथे चांगले कापड नव्हतेच. त्या बाईनेही विरलेलेच आणले, पण एकाऐवजी दोन पदर करून, कडेने टीप घालून आणले, आणि मांडतानाच म्हणाली, "कापड इरलंय बाई माझं, कोपऱ्याला नका लावू, मधी लावा." तिचे चौकोन आमच्या गोधडीत आजही शाबूत आहेत. तिच्याकडे आमच्याहून कमी होते, आणि तिचे देणे आमच्याहून टिकाऊ निघाले.

अमेरिकेत 1840 च्या दशकात मैत्रिणी मिळून अशाच गोधड्या करत. कोणी दूर निघाली की तिला द्यायला. त्यात प्रत्येकीने आपल्या चौकोनावर शाईने नाव लिहायची पद्धत होती. आमच्या चौकोनावर नाव लिहायचे असते तर आम्ही जांभळे दिले असते का, हे आम्ही स्वतःला विचारले. आपल्याकडे नाव लिहीत नाहीत. कोणाच्या लक्षात येणार, असे कुठेतरी मनात होते.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. बसल्यावर बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो. शेवटी सांगून टाकले की ते दोन चौकोन आमचे, आणि कापड विरलेले आहे हे देताना माहीत होते. आता हिरव्याचे दोन कापून आणतो.

"काकू, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुमचं जांभळं लुगडं वस्तीत कोण ओळखत नाही?" मग बाळाचे दुपटे बदलता बदलता म्हणाली, "हिरवं कापू नका, आजींचं आहे ना ते? दुसरं काही असलं तर बघा. पण सुती बघा. टेरिकॉटवर ह्याला घाम येतो."

परवा आमच्या घरातले एक जुने धोतर धुऊन वाळत घातले. वाळल्यावर ओढून पाहिले, उभेही आणि आडवेही. पुठ्ठ्याचा तो चौकोन मात्र कोणाकडे राहिला आहे कोण जाणे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी मिस्साला येताना आणावा.