परक्या हातांचे दान

परक्याने दिलेले दान कोणत्या कसोटीवर पारखावे? त्याच्या देखणेपणावर, की ते घेणाऱ्याच्या अंगी आलेल्या बळावर? कॅनडातील एका रंगमंचाची कथा या प्रश्नावर बराच प्रकाश टाकते.

ऑन्टॅरिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड या गावी १९५३ च्या जुलै महिन्यात, एका विशाल तंबूत, शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाने नाट्यमहोत्सवास आरंभ झाला. दिग्दर्शक टायरोन गथ्री आणि नेपथ्यकार तान्या मॉइसेविच ब्रिटनहून आले होते. मॉइसेविचबाईंनी रंगवलेले देखावे, दर्शनी चौकट आणि पडदा यांना फाटा दिला. पायऱ्या, खांब आणि सज्जा असलेला मंच त्यांनी थेट प्रेक्षकांमध्ये पुढे आणला. प्रेक्षक तीन बाजूंनी बसू लागले. स्थळकाळ उभा करण्याचे काम शब्दांवर, वेशभूषेवर आणि नटाच्या देहावर आले. १९५७ साली तंबूच्या जागी पक्के नाट्यगृह झाले, तरी मंचाची ती कल्पना टिकली.

यावर आक्षेप आहे. नाटककार इंग्रज, दिग्दर्शक व नेपथ्यकार ब्रिटनचे, प्रमुख भूमिकेतील अ‍ॅलेक गिनेस (पुढे १९५६ साली कॅथलिक झालेले) हेही तिथलेच. मग यात कॅनडाचे ते काय? हा आक्षेप पोकळ नाही. मनावरची सत्ता राजसत्तेहून चिवट असते.

तरीही एक भेद ध्यानी घ्यावा. रंगवलेला देखावा दुसऱ्याला आपले चित्र पाहायला लावतो. मोकळा मंच त्याच्या वाणीची वाट पाहतो. त्या पहिल्या नटसंचातील बहुतेक जण कॅनडाचेच होते. शिवाय दाताही रिक्तहस्त राहिला नाही: स्ट्रॅटफर्डला सिद्ध झालेली ही रचना १९७१ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात मॉइसेविचबाईंच्याच हातून साकारली. परकेपणा हा दोष नव्हे; दुसऱ्याची जागा व्यापणे हा दोष. मात्र मोकळी जागा आपल्या शब्दांनी भरण्याचे कर्तव्य घेणाऱ्याचे आहे. ते दाता करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

आपणा मराठी ख्रिस्ती जनांना हे नवे नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी आपली ओवीच निवडली.

धर्मगुरूही प्रत्येक धर्मग्रामात परका म्हणूनच येतो. योहान बाप्तिस्माने वाट सिद्ध केली आणि तो बाजूला झाला. वाट करणे त्या मानाने सोपे. बाजूला होणे कठीण. मी निघून गेल्यावर माझे लोक माझे शब्द आठवतील, की स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतील? माझ्या सेवेची खरी पारख त्या दिवशीच होईल.